धुडाचा डावा गुडघा

शर्टांच्या कारखान्यात चेकरबाईंनी अठ्ठावीस वर्षं एकच काम केलं. दुसऱ्यांच्या चुका काढल्या. शिवून झालेला शर्ट त्यांच्या टेबलावर यायचा, त्या तो दिव्याखाली पसरायच्या आणि कॉलरपासून सुरुवात करून खांदे, बाह्या, कफ, काजं, बटणं आणि शेवटी खालची दुमड अशी नजर फिरवायच्या. कुठे टाका सुटला असेल, कुठे एक बाजू सुताएवढी खाली आली असेल, तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि शर्ट परत. दिवसाला पाचशे-सहाशे शर्ट. त्यांना चेकरबाई म्हणायचे ते काही लाडानं नव्हे. ज्याचा शर्ट परत जायचा तो दातओठ खात म्हणायचा, आणि बाकीचे त्याला ऐकू जाईल अशा बेतानं हसत म्हणायचे.

मग मालकांनी यंत्रं दुसऱ्या गावी हलवली, कारखान्याला टाळं लागलं आणि चेकरबाई चोपन्नाव्या वर्षी घरी बसल्या.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला, वर्षातले सात महिने पाण्यावर. त्यामुळे घरात दोघीच, त्या आणि सून. सून व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. काय करते म्हणून शेजारणीनं विचारलं की चेकरबाई सांगायच्या, "चित्रं हलवते." त्याच्या पलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि सुनेनंही कधी जास्त खोलात जाऊन सांगितलं नव्हतं.

रिकामपण त्यांना मानवेना. हात मोकळे राहिले तरी डोळे थोडेच थांबतात! सून दमून घरी यायची आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आत तिला बातमी मिळायची की पडद्याची दुमड डावीकडे अर्धं बोट जास्त आहे, जिन्यातली चौथी फरशी तिरकी बसवलीय, आणि नव्या चादरीच्या फुलांपैकी एकाला पाकळी कमी आहे.

"आई, त्या फुलाला राहू द्या की तसंच," सून म्हणायची.

"मी कुठे काय म्हणतेय? नुसतं सांगितलं."

सून आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची. अशाच एका दुपारी ती टेबलाशी बसली होती आणि चेकरबाई मागे खाटेवर मटार सोलत होत्या. पडद्यावर सात मजली इमारतीएवढा एक रोबो चालत होता. त्याच्या छातीत एवढीशी खोली, खोलीत एक माणूस. खेळणाऱ्यानं तो माणूस व्हायचं, दोन दांडे हातात धरून रोबो चालवायचा, आणि समुद्रातून चालून येणाऱ्या शत्रूच्या तसल्याच रोबोंशी बंदरात, पुलावर, चौकात दोन हात करायचे, असा तो खेळ.

"केवढं हे धूड!" चेकरबाई म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "याच्या डाव्या खांद्याची शिवण उसवलीय."

"आई, तो लोखंडाचा आहे. त्याला कुठली शिवण?"

"असू दे लोखंडाचा. परत वळव बघू त्याला. गर्रकन वळव."

सुनेनं वळवला. काही दिसलं नाही. सासूचं समाधान करावं म्हणून तिनं तीच हालचाल अगदी हळू करून लावली आणि तिचा हात जागच्या जागी राहिला. दंड आणि खांदा यांच्यामध्ये कागदाएवढी फट पडत होती, तिच्यातून मागचं आभाळ डोकावत होतं, आणि पापणी लवायच्या आत ती मिटत होती. वर्षभर अकरा माणसं रोज तो खांदा बघत होती. एकालाही हे दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ही गोष्ट ऑफिसात गंमत म्हणून सांगितली. चाचणी विभागाच्या प्रमुखाला मात्र हसू आलं नाही. हा तिशीतला, मितभाषी, छातीपर्यंत दाढी वाढवलेला माणूस. सगळे त्याला दाढीच म्हणायचे. त्यानं विचारलं, "मटार सोलता सोलता पाहिलं? उद्या घेऊन ये त्यांना."

अशा तऱ्हेनं चेकरबाई पुन्हा कामाला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात खेळाचं यंत्र दिलं, दोन अंगठ्यांनी दोन दांडे फिरवायचे. त्यांचं धूड सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ वेळा समुद्रात पडलं. त्या ओशाळल्या. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली, "काकू, पडा बिनधास्त. पाण्यात कसं पडतंय तेही बघायचंच असतं आपल्याला." तिसऱ्या दिवशी त्यांनी घरात उरलेली लाल बाणांची पट्टी आणली आणि जिथे चूक दिसली तिथे थेट पडद्यावर बाण चिकटवला. पडदा बदलला तरी बाण तिथेच. सगळा विभाग पोट धरधरून हसला. त्यांना यादी दाखवण्यात आली. चूक सापडली की ती कॉम्प्युटरवरच्या यादीत लिहायची, काय केल्यावर ती घडते ते क्रमानं लिहायचं, आणि ती यादी दाढीपासून थेट कंपनीच्या मालकापर्यंत सगळ्यांना दिसायची.

महिन्याभरात हसणारे गप्प झाले. चेकरबाई धुडाकडे शर्टासारखंच बघायच्या. मानेपासून सुरुवात, मग खांदे, हात, मनगटं, छातीची झडप, कंबर, पाय. बाकीचे लढाई जिंकण्यात दंग व्हायचे आणि चुका त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जायच्या. चेकरबाईंना जिंकण्याशी देणंघेणं नव्हतं. धूड हा त्यांचा शब्दही सगळ्यांनी उचलला. मालकसुद्धा बैठकीत विचारू लागले, "दुसऱ्या धुडाचं काम कुठवर आलं?"

सुनेला हे सगळं आवडलं का? खरं सांगायचं तर निम्मं. ऑफिस ही तिची एकटीची जागा होती, तिथेही आता सासू दहा खुर्च्या सोडून बसलेली. पण एका बाबतीत तिला सासूचा उपयोग झाला होता, आणि तो तिनं बरेच दिवस सांगितला नव्हता.

गेममध्ये सुनेचं सगळ्यात मोठं काम म्हणजे धुडाचं गुडघा टेकणं. वर्मी घाव बसला की ते महाकाय यंत्र आधी एक हात पुढे टेकवायचं, मग डावा गुडघा हळूच खाली न्यायचं, क्षणभर थांबायचं आणि मग सगळा भार सोडायचं. आतला माणूस तशा अवस्थेतही लढू शकायचा. चार महिने तिनं त्यावर घालवले होते. बघणारा नकळत स्वतःचा श्वास रोखून धरायचा, एवढं ते खरं वाटायचं. कोणी म्हणायचं, या गेमची जाहिरात त्याच दृश्यानं सुरू व्हायला हवी. आणि तसंच ठरलंही.

चेकरबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "हे असं बसणं मी कुठेतरी पाहिलंय."

"रोज करता तुम्ही," सून म्हणाली. "खाटेखालचं पुसायला बसता तेव्हा. आधी खाटेवर हात, मग डावा गुडघा. मी चोरून व्हिडिओ काढला होता."

"मला विचारायचंस तरी," एवढंच चेकरबाई म्हणाल्या, पण दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी खुलत राहिलं.

गेम बाजारात यायला तीन आठवडे उरले होते. गुरुवारी दुपारी चेकरबाई आपलं धूड घेऊन पुलावरून बंदराकडे उतरत होत्या. मध्येच उजवीकडून मार बसला. धुडानं हात टेकला, डावा गुडघा खाली नेला, आणि गुडघा जमिनीवर न थांबता जमिनीत गेला. मांडीपर्यंत पाय आत, मग कंबर, मग अख्खं धूड दिसेनासं झालं. पडदा करडा पडला आणि खेळ बंद झाला. त्यांनी परत सुरू केला तर साठवून ठेवलेलं सगळं पुसलेलं. तेरा तासांची लढाई, जिंकलेले चौक, मिळवलेली शस्त्रं, काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

त्यांनी यादी उघडली. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच राहू दिली.

कारखान्यात त्यांची सख्खी धाकटी बहीण कॉलरच्या मशिनवर होती. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्याकडून आलेल्या बेचाळीस कॉलर लागोपाठ वाकड्या निघाल्या. चेकरबाईंनी बेचाळीसही परत पाठवल्या, एकही पोटात घातली नाही. बहिणीच्या अंगात त्या दिवशी ताप होता हे त्यांना संध्याकाळी कळलं. आधी कळलं असतं तर? तरीही पाठवल्या असत्या, हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहिणीलाही. ती पुढे दीड वर्ष बोलली नाही. बोलू लागली तीही कामापुरती.

त्यांनी त्याच उतारावर आणखी नऊ वेळा गुडघा टेकवून पाहिला. नऊही वेळा तो नीट टेकला. यादी बंद करून त्या घरी आल्या.

संध्याकाळी सून भाजी चिरत होती. चेकरबाई ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पुलाच्या उतारावर आज धूड जमिनीत गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गुडघा टेकला तो आतच गेला. मग सगळंच आत. खेळ बंद पडला आणि साठवलेलं पुसलं गेलं."

सुरी थांबली. "किती वेळा झालं?"

"एकदा. परत नऊदा केलं, तर नाही झालं."

"मग मशिन तापलं असेल, आई. होतं तसं कधी कधी." सुनेनं भाजी बाजूला सारली. "यादीत टाकलंत?"

"अजून नाही."

सून त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता. "सोमवारी बैठक आहे. पुढच्या गेममध्ये हालचालींचं सगळं काम कोणाच्या हाती द्यायचं ते ठरणार आहे. तो गुडघा बघूनच माझं नाव पुढे आलंय. एकदाच झालेल्या गोष्टीसाठी... सोमवारपर्यंत तेवढं थांबा ना."

चेकरबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "परत झालंच नाही तर टाकायला आहे काय?" एवढं बोलून त्यांनी ताटं घेतली.

शुक्रवारी त्या एक दोनशे पानी वही घेऊन कामावर गेल्या. एकेक प्रयत्न, एकेक ओळ. उतार कुठला, चाल किती, कुठला पाय पुढे, मार कुठल्या बाजूनं, काय झालं. दिवसभर त्या एकाच उतारावर धूड चढवत आणि उतरवत राहिल्या. अंगठ्याला फोड आला, तो त्यांनी पट्टी लावून झाकला. गेम बाजारात यायचा म्हणून शनिवारीही ऑफिस चालू होतं. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास दोनशे चौदाव्या ओळीवर त्यांना धागा लागला. उतारावर डावा पाय पुढे असताना, गुडघा अजून अधांतरी आहे एवढ्यात उजवीकडून दुसरा मार बसला, तर धूड जमिनीत जायचं. चारातून तीनदा. हवं तेव्हा.

त्यांनी यंत्र मांडीवर ठेवलं. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग यादी उघडली आणि क्रमानं सगळं लिहिलं, एकही पायरी गाळली नाही.

घरी आल्यावर चपला काढता काढताच म्हणाल्या, "टाकलं."

सून म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबणार होतात."

"थांबते असं म्हणाले नव्हते."

"नाही, म्हणाल्या नव्हतात. मीच तसं समजले." ती आतल्या खोलीकडे निघाली आणि दारात थांबली. "घरातल्या माणसासाठी दोन दिवस, आई. दोनच."

चेकरबाईंनी चपला कोपऱ्यात जोडीनं लावून ठेवल्या.

सोमवारी बैठकीत दाढीनं ती यादी पडद्यावर लावली. हे दुरुस्त करायला तीन आठवडे पुरणार नव्हते. ठरलं ते असं की उतारावर गुडघा टेकणं काढून टाकायचं, फक्त सपाट जमिनीवर ठेवायचं. जाहिरातीतलं पहिलं दृश्य पुलाच्या उतारावरचंच होतं, तेही गेलं. आणि पुढच्या गेमचं काम दुसऱ्या एका माणसाच्या हाती गेलं, ज्याच्या कामात फारशी चमक नव्हती पण खोटही नव्हती.

"काकू, हे असंच बाजारात गेलं असतं ना, तर लोकांनी आपल्याला फाडून खाल्लं असतं," दाढी सगळ्यांसमोर म्हणाला. टाळ्या वाजल्या. चेकरबाईंनी मान वळवून बघितलं. सुनेची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते झाकणं, किल्ल्या आणि दूधवाला यांच्याबद्दल. "जेवण झाकून ठेवलंय." "किल्ली शेजारी दिलीय." सून पूर्वीसारखीच वागत होती, औषध आणून देत होती, जड पिशवी हातातून घेत होती, फक्त त्यांच्याकडे बघत नव्हती. रविवारी मुलाचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला. दोघी फोनच्या दोन बाजूंना बसून हसल्या.

"काय गं, दोघी अशा थिजल्यासारख्या का दिसताय?" त्यानं विचारलं.

"नेट नीट नाहीये," सून म्हणाली.

बैठकीला अकरा दिवस झाले तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत चाचणी विभाग रिकामा होता. चेकरबाई डबा उघडत होत्या एवढ्यात सून समोरची खुर्ची ओढून बसली. "मला ते घडताना दाखवा. मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

चेकरबाईंनी हात पुसले, गेमची जुनी आवृत्ती लावली आणि धूड उतारावर नेलं. पहिल्याच खेपेला ते जमिनीत गेलं. मग सुनेचं लक्ष वहीकडे गेलं. तिनं ती उचलून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पहिल्या साठ ओळींत तुम्ही गुडघा टेकवलेलाच नाही."

"हं."

"नुसतं चाललायत. नुसत्या उड्या मारल्यायत. का? जमिनीत जात होतं ते तर गुडघा टेकल्यावर."

चेकरबाईंनी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "जमिनीचा दोष निघतो का ते बघत होते. तो निघाला असता तर तुझं काही गेलं नसतं. साठ वेळा बघितलं. जमीन चांगली आहे गं. नाही सापडला काही."

सुनेनं वही मिटली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवण्यासाठी ती डब्यात डोकावली. "हे काय, एवढंच आणलंय?" ती म्हणाली. "अर्धं मला द्या." दोघींनी त्या एका डब्यातच जेवण उरकलं.

गेम ठरल्या दिवशी बाजारात आला. बरा चालला, फार गाजला असं नाही. लोकांनी सपाट जमिनीवरच्या त्या गुडघा टेकण्याचं कौतुक केलं, उतारावर ते का होत नाही असंही काहींनी विचारलं. सून वही घेऊन बसली. दोनशे चौदा ओळींमधून तिला कळलं की गुडघा खाली जात असताना दुसरा मार बसला की धुडाला आपली जमीन कुठे आहे तेच उमगत नाही. तिनं चाल नव्यानं बांधली. पायाला आधी जमीन सापडेपर्यंत आता वरचा भार सुटत नव्हता. सहा आठवड्यांनी ती चाचणीला आली. तिनं ती स्वतः सासूच्या टेबलावर आणून दिली.

एकसष्टाव्या प्रयत्नाला चेकरबाईंना दिसलं की टेकलेल्या हाताची करंगळी दगडात बोटभर रुतते. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"टाका यादीत," सून म्हणाली. "बघताय काय माझ्याकडे?"

करंगळी दुरुस्त झाली. त्यानंतर अडीचशे वेळा ते धूड उतारावर कोसळलं, टेकलं आणि उठलं. चेकरबाईंनी यादीत त्या ओळीपुढे 'निर्दोष' असं लिहिलं. तो शब्द त्या सहसा लिहीत नसत, 'ठीक' लिहून मोकळ्या होत. नवी आवृत्ती बाहेर पडली आणि पूल, बंदर, टेकड्या सगळीकडे धुडं गुडघे टेकू लागली. पुढच्या गेमचं प्रमुखपद मात्र सुनेकडे आलं नाही. ती त्या चमक नसलेल्या माणसाच्या हाताखाली कामाला लागली, आणि तो वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला.

एका सुट्टीच्या दुपारी सुनेनं घरच्या टीव्हीला खेळाचं यंत्र जोडलं आणि दुसरं यंत्र सासूच्या हातात ठेवलं. चेकरबाईंनी हा गेम वर्षभर पोटभर तपासला होता, पण तो खेळल्या कधीच नव्हत्या. शेवट काय आहे तेही त्यांना माहीत नव्हतं.

"आज चुका काढायच्या नाहीत," सुनेनं बजावलं.

"दिसली तर?"

"दिसली तर गप्प बसायचं."

दोन धुडं शेजारी शेजारी पूल ओलांडून निघाली. बंदराच्या तोंडाशी शत्रूची तीन धुडं वाट बघत होती. सून पुढे धावली, तिला दोन्हीकडून मार बसला आणि तिचं धूड हात टेकवून खाली बसलं. चेकरबाई मागे होत्या. त्यांना लढता येत नव्हतं, नेमही धरता येत नव्हता, कुठलं बटण कशाचं तेही ऐन वेळी आठवेना. त्यांनी आपलं धूड पुढे दामटलं आणि सुनेच्या धुडासमोर आडवं उभं करून ठेवलं.

"आई, मारा की! उभ्या काय राहिलात?"

"तू आधी ऊठ. मग बघू."

सुनेचं धूड उठेपर्यंत चेकरबाईंच्या धुडाचे दोन्ही हात गळाले होते. पुढच्या मिनिटात दोघीही आडव्या झाल्या. शेवट काही दिसला नाही.

"परत?" सुनेनं विचारलं.

"परत," चेकरबाई म्हणाल्या आणि खाटेवरून उतरून टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसल्या.